छापील पुस्तकाच्या पुठ्ठ्यात अडकलेली हस्तलिखितं: सोडवायची की राहू द्यायची?

मायफळ_हिराकस

पंधराव्या-सोळाव्या शतकातलं युरोपातलं जाडजूड छापील पुस्तक उघडलं की कधीकधी फळीच्या आतल्या अंगाला भलतंच काही दिसतं. पिवळट चर्मपत्र, दोन रकान्यांत टोकदार काळी अक्षरं, मधूनच लाल शीर्षक, आणि सगळं आडवं नाहीतर उलटं. छापलेल्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते दोन-तीनशे वर्षं आधीच्या हस्तलिखिताचं पान असतं, बाईंडरने कापून अस्तर म्हणून डकवलेलं.

कारण सरळ आहे. चर्मपत्र म्हणजे चुन्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेलं वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं. कागदापेक्षा कैक पटींनी चिवट. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचं बायबल छापून झालं. पुढच्या शंभर वर्षांत विद्यापीठांतली जुनी कायद्याची आणि तर्कशास्त्राची हस्तलिखितं छापील आवृत्त्यांपुढे बाद झाली. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले गेले आणि १५५० च्या कायद्याने जुने लॅटिन पूजाग्रंथ ठेवणंच बेकायदा झालं. बाईंडरला कच्चा माल दारात आला.

आता प्रश्न. माझं मत: जिथे शक्य आहे तिथे ही पानं सोडवावीत. अर्धा मजकूर फळीकडे तोंड करून खळीत बसलाय, तो कोणी वाचायचा? जर्मनीत बांबर्गला रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासाची पाचव्या शतकातली पानं सापडली ती अशीच, जुन्या बांधण्यांतून, १९०४ साली. हात लावायचाच नाही असं सगळ्यांनी ठरवलं असतं तर?

रद्दीवाला_नाना

१५४९ मध्ये जॉन बेल नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवलंय की मठांतली पुस्तकं घेऊन लोक मेणबत्तीचे स्टँड घासतात, बूट पुसतात, वाण्यांना आणि साबणवाल्यांना विकतात, आणि उरलेली जहाजं भरभरून परदेशी बाईंडरांकडे पाठवतात. म्हणजे बेलसाहेबांच्या काळातही पुस्तकाचा शेवट भेळेच्या पुड्यातच होता. :))

दोरशिवण

चांगला विषय. सोडवायचं की नाही हे नंतर बघू, आधी कुठे शोधायचं ते सांगतो. बहुतेक जण फक्त अस्तर बघतात आणि पुस्तक मिटतात.

फळीच्या आतलं पान सगळ्यात आधी दिसतं. ऑक्सफर्डच्या बाईंडरांनी हा प्रकार एवढा केला की हस्तलिखितांचे अभ्यासक नील केर यांनी १९५४ मध्ये साधारण १५१५ ते १६२० मधल्या ऑक्सफर्डी बांधण्यांतल्या या पानांची स्वतंत्र यादीच छापली. त्यापुढचं सुटं कोरं पान, म्हणजे पुस्तक सुरू होण्याआधीचं रक्षक पान, कधी त्याच हस्तलिखिताचं दुसरं अंग असतं. दोन्ही मिळून मूळ जोडपान (मधोमध दुमडलेला एकच ताव) जुळतं.

पण खरी गंमत कण्यात. फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे) जाड दोरांवर शिवलेले असतात, म्हणून कण्यावर चार-पाच उंचवटे दिसतात. दोन दोरांच्या मधल्या खाचेत चर्मपत्राच्या पट्ट्या डकवून त्यांची टोकं फळीवर आणायची पद्धत होती, सांधा मजबूत राहावा म्हणून. अस्तर सुटायला आलं असेल तर ही टोकं फळीच्या कडेला बोटभर डोकावतात. कातडं शाबूत असेल तर बाकीची पट्टी दिसायचा प्रश्नच नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा: प्रत्येक फर्म्याचा मध्य. कागद कच्चा, दोरा घट्ट ओढला की कागद चिरतो. म्हणून दोऱ्याखाली चर्मपत्राची ५-१० मिलिमीटर रुंदीची घडी घातलेली पट्टी. तिच्यावर एका ओळीची जेमतेम दीड-दोन अक्षरं असतात. एकाच हस्तलिखिताच्या वीस-पंचवीस पट्ट्या एका पुस्तकात विखुरलेल्या सापडू शकतात. त्या ओढून बघायच्या नाहीत. दोरा त्यांच्यातूनच गेलाय.

शेवटचं म्हणजे पुठ्ठा न घालता अख्ख्या पानाचं केलेलं मऊ वेष्टण. ते बहुधा हिशेबाच्या वह्यांना आणि स्वस्त पुस्तकांना.

कणा_ताठ

@मायफळ, मुद्दा समजला, पण कडाडून विरोध. पान सोडवलं की मजकूर मिळतो आणि बाकी सगळं जातं.

बांधणीतल्या पानाला दोन इतिहास असतात. एक ते कुठे लिहिलं गेलं, दुसरा ते कुठे आणि कधी रद्दीत गेलं. दुसरा इतिहास पानावर लिहिलेला नसतो, तो बांधणीत असतो. कातड्यावरचे ठसे, फिरत्या चाकाने उठवलेली नक्षी, दोरांची संख्या, फळीचं लाकूड, कड्या कोणत्या फळीवर आहेत, यावरून बाईंडरचं गाव आणि दशक सांगता येतं. पुस्तक तेव्हा बहुतेक वेळा सुट्या तावांत विकलं जायचं आणि गिऱ्हाईक आपल्या गावी बांधून घ्यायचं. त्यामुळे छपाईचं गाव आणि रद्दीचं गाव वेगळं. ब्रिस्टलच्या सेंट्रल लायब्ररीत २०१९ मध्ये जाहीर झालेली, राजा आर्थरच्या कथांतल्या जादूगार मर्लिनची सात पानं घ्या. पुस्तक म्हणजे जां जेर्सोंचे ग्रंथ, १४९४ ते १५०२ मध्ये स्ट्रासबर्गला छापलेले. पानं जुन्या फ्रेंचमधली, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आणि बांधणीचा घाट इंग्लंडमधला. फक्त पानं हातात असती तर हे इंग्लंडमध्ये टाकून दिलेलं हस्तलिखित आहे हे कशावरून कळलं असतं?

एकोणिसाव्या शतकात ग्रंथपालांनी हेच उत्साहाने केलं. पानं सोडवली, अल्बममध्ये चिकटवली, कुठल्या पुस्तकातून काढली ते लिहायचं राहून गेलं. आता ती पानं आहेत, पण अनाथ.

मायफळ_हिराकस

@कणा_ताठ, अनाथ झाली ती नोंद न ठेवल्यामुळे, सोडवल्यामुळे नाही. नोंद नीट ठेवली तर काय हरकत?

कणा_ताठ

नोंद ठेवता येते ती तुम्हाला आज जे महत्त्वाचं वाटतं त्याची. खळ कुठे जाड होती, घडी किती वेळा पडली, पट्टी दोराच्या वर की खाली, हे कोण लिहितं?

अल्पविराम

नाव कणा_ताठ आणि वाद कण्याचा. योगायोग नव्हे.

टीपकागद

दोघांच्या भांडणात प्रत्यक्ष सोडवायची क्रिया कुणी सांगितलीच नाही, ती सांगतो. म्हणजे 'शक्य आहे तिथे' याचा अर्थ कळेल.

अस्तर बहुधा पिठाच्या खळीने चिकटवलेलं असतं, कण्यावरच्या पट्ट्या मात्र सरसाने. खळ ओलाव्याने मऊ होते, सरसाला ओलावा आणि थोडी ऊब दोन्ही लागतात. पाणी थेट लावायचं नाही. मिथाइल सेल्युलोजचा ४-५ टक्क्यांचा घट्ट लगदा, खाली पातळ जपानी कागद, एकावेळी तळहाताएवढाच भाग. पाच-दहा मिनिटांनी कोपरा बघायचा, खळ साबुदाण्याच्या पेजेसारखी झाली की पातळ बोथट पातं जवळजवळ आडवं धरून फळीच्या बाजूने सरकवायचं, पानाच्या बाजूने नाही. जिथे अडेल तिथे थांबून पुन्हा लगदा. किंवा आणखी सावकाश: बाष्प जाईल पण पाणी जाणार नाही अशा पडद्यामागे ओला टीपकागद ठेवून.

काय बिघडतं:

शाई. मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई (धागाकर्त्याचं नाव बघून बरं वाटलं) चर्मपत्रात कागदाइतकी मुरत नाही, वर बसते. खळीच्या बाजूला ती आधीच सैल झालेली असते. लगदा उचलताना अक्षर लगद्याबरोबर येतं. म्हणून आधी एका अक्षराच्या टोकावर ओल्या टीपकागदाचा कण दाबून बघायचा, डाग आला की काम बंद.

आकसणं. नवं चर्मपत्र पाण्यात साधारण ६० अंश सेल्सियसला आकसायला लागतं. जीर्ण झालेलं ४० च्याही खाली आकसू शकतं. एकदा आकसलं की शिंगासारखं कडक आणि पारदर्शक, परतीचा रस्ता नाही. म्हणून वाफेची किटली, इस्त्री, हेअर ड्रायर यांचं नावसुद्धा काढायचं नाही. सरसाला 'थोडी ऊब' म्हटलं तीच कण्यावरच्या पट्ट्यांची सगळ्यात मोठी अडचण आहे.

वाळवणं. ओलं झालेलं कातडं वाळताना पुन्हा आपल्या जनावराच्या आकाराला जाऊ पाहतं. कडांना चिमटे लावून हलक्या ताणाखाली किंवा टीपकागद आणि नमद्याच्या मध्ये हलक्या वजनाखाली वाळवायचं. जड वजन ठेवलं तर रंग आणि सोनं टीपकागदावर.

आणि हे सगळं सुरळीत झालं तरी त्या फळीला आता नवीन अस्तर लावावं लागतं आणि सांधा उघडा पडतो. म्हणजे एक पान वाचवायला एक बांधणी खर्ची.

पिंपळपान

टीपकागद यांचा प्रतिसाद वाचून कुणाला सोडवायची हौस उरली असेल तर न सोडवता काय काय दिसतं ते बघा.

पहिलं फुकटचं: अस्तर कधीकाळी निघालं असेल तर फळीवर त्याची अक्षरं उलटी उमटलेली राहतात. फोटो काढून आडवा उलटा करायचा, कॉन्ट्रास्ट वाढवायचा. पान जगातून नाहीसं झालेलं असलं तरी मजकूर वाचता येतो.

दुसरं, अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटरचा. चर्मपत्र निळसर चमकतं, हिराकसाची शाई प्रकाश गिळते, त्यामुळे फिकट, खरवडलेली अक्षरंही काळी उठून दिसतात. याउलट अवरक्त प्रकाशात हिराकसाची शाई जवळजवळ गायब होते आणि काजळाची काळीच राहते. ब्रिस्टलच्या मर्लिनची शाई काजळाची निघाली ती अशा प्रकाशातल्या छायाचित्रांवरूनच. तिथे हिराकसाची अपेक्षित होती. आपल्या पोथ्यांना काजळ नवीन नाही, तिकडच्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात ते बातमी होतं.

तिसरं महागडं. नेदरलँड्समध्ये लायडनला २०१५-१६ च्या सुमारास एरिक क्वाकेल आणि डेल्फ्टचे योरिस डिक यांनी क्ष-किरणांनी कणे तपासले. शाईतलं लोखंड, तांबं, जस्त, लाल रंगातला पारा असे एकेका मूलद्रव्याचे नकाशे काढायचे. कातड्याखालच्या पट्टीवरची अक्षरं दिसतात. अडचण अशी की एका कण्याला जवळजवळ अख्खा दिवस लागू शकतो, आणि वरच्या कागदावरच्या शाईत लोखंड असेल तर दोन मजकूर एकमेकांवर चढतात.

केंब्रिजचं २०२५ चं प्रकरणही याच वळणाचं. सफोकमधल्या एका जहागिरीच्या सोळाव्या शतकातल्या नोंदवहीचं वेष्टण, त्यावर मर्लिन आणि आर्थरचा सरदार गॉवेन यांची जुनी फ्रेंच कथा. पान दुमडून शिवलेलं. उलगडलंच नाही. बहुवर्णपटीय (वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशातली) छायाचित्रं, सीटी स्कॅन, घडीच्या आत आरसे आणि लोलक घालून तुकड्यातुकड्याने फोटो, मग संगणकावर उलगडलं. वेष्टण आहे तसं राहिलं.

मायफळ_हिराकस

@पिंपळपान, हे सगळं केंब्रिज आणि लायडनला ठीक आहे. एखाद्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात सीटी स्कॅनर कुठून आणायचा?

पिंपळपान

फोन, दिवा आणि आरसा यांवर बरंच भागतं. उरलेलं उरू द्या. पाचशे वर्षं थांबलंय, अजून पन्नास थांबेल.

बखरबाज

अवांतर: आपल्याकडे असं काही का सापडत नाही?

कणा_ताठ

@बखरबाज, आपली पोथी सहसा शिवतच नाहीत. सुटी पानं, वर-खाली फळ्या, आणि बासनात बांधायची. पेशवे दप्तराचेसुद्धा रुमाल. अस्तर नाही, कणा नाही, दोऱ्याखालची पट्टी नाही. मग जुनं पान घालायचं कुठे? शिवाय आपल्याकडे चर्मपत्रच नाही. कागद फाटला की अस्तर म्हणून त्याचा उपयोग शून्य.

बखरबाज

पटलं. पण गोव्याला छापखाना १५५६ मध्ये आला, आणि तिथे बांधण्या युरोपी पद्धतीच्याच असणार. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं आणि त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. गुटेनबर्गने छापलेली दोनातुसच्या लॅटिन व्याकरणाची पुस्तकं शाळकरी पोरांनी वापरून संपवली, आणि जी उरली ती बहुतांशी दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीतले तुकडे म्हणून. म्हणजे छापील पानंही रद्दीत जातात. मी फक्त एवढंच म्हणतो की सतराव्या शतकातली गोव्याची बांधणी समोर आली तर पुठ्ठा कशाचा बनवलाय ते बघा. पुठ्ठा एकावर एक कागद चिकटवून केलेला असेल तर कडेला थर सुटलेले दिसतात.

रद्दीवाला_नाना

गोव्याची हवा आणि वाळवी यांनी आधीच वाचून संपवलं असेल.

चौथी_ओळ

सुरांची पानं, म्हणजे चर्चगीतांची स्वरलिपी असलेली, बाईंडरांची विशेष आवडती, कारण आकार मोठा. ओळखायची सोपी खूण: ओळींविना अक्षरांच्या डोक्यावर नुसत्या रेघा-टिंबं असतील तर दहावं-अकरावं शतक, चार ओळींवर चौकोनी टिंबं असतील तर तेरावं. गीताचे पहिले चार-पाच शब्द 'कँटस' या डेटाबेसमध्ये टाकले की कुठल्या सणाचं गीत ते मिळतं.

दोरशिवण

@चौथी_ओळ, दुसरी खूण धोक्याची आहे. चौकोनी सूर तेराव्या शतकात रुळले हे खरं, पण स्पेन-इटलीत अवाढव्य गायनग्रंथ त्याच चौकोनी सुरांत सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत हाताने लिहिले जात होते. हातभर उंचीचं पान, पेरभर अक्षर आणि चौकोनी सूर दिसले की आधी उशिराचं समजा आणि मग पुरावा मिळाला तर मागे या. ओळींविना सूरही जर्मन भाषिक मठांत बाराव्या शतकात आणि त्यानंतरही टिकले.

चौथी_ओळ

मान्य. 'तेरावं किंवा पुढचं कधीही' असं वाचावे.

दोरशिवण

काळ ठरवायला मी अक्षराच्या आधी आखणी बघतो, कारण ती खोटं बोलत नाही. टोकदार हत्याराने दाबून आखलेल्या रंगहीन रेघा: ढोबळमानाने ११०० पर्यंत. शिशाच्या करड्या रेघा: बारावं शतक. शाईच्या रेघा: तेराव्यापासून पुढे. हे सगळीकडे एकदम बदललं नाही, पण चूक झाली तर पन्नास वर्षांची, तीनशेची नाही. केर यांनी दाखवलेली आणखी एक खूण, विशेषतः इंग्लंडच्या पानांना: लेखनाची पहिली ओळ सगळ्यात वरच्या आखलेल्या रेघेच्या वर आहे की खाली? खाली असेल तर बहुधा १२३० च्या नंतरचं. यासाठी पानाची वरची कड शाबूत हवी, आणि बाईंडर नेमकी तीच कापतो.

अल्पविराम

बाईंडर आणि आमच्या सोसायटीचा प्लंबर, दोघेही नेमकं तेच कापतात.

पिंपळपान

कडा कापलेल्या असल्या तरी मूळ पान केवढं होतं ते गणिताने निघतं. हे फार कमी जण करतात म्हणून सविस्तर.

समजा अर्धवट कापलेलं पान आहे. एका रकान्याचा मजकूर, वरच्या ६ ओळी उरल्यात, पाठीमागेही ६. मजकूर ओळखीचा निघाला, समजा बायबल. ओळीत सरासरी ३८ अक्षरं आहेत. पुढच्या बाजूची सहावी ओळ जिथे संपते आणि मागच्या बाजूची पहिली ओळ जिथे सुरू होते, त्यामधला छापील मजकूर मोजा. तो १,१४० अक्षरांचा निघाला तर भागिले ३८, म्हणजे ३० ओळी गेल्या. पानावर एकूण ३६ ओळी. दोन ओळींमधलं अंतर ७ मिलिमीटर असेल तर लेखनाची उंची साधारण २५ सेंटिमीटर.

यात दोन ठिकाणी घसरायला होतं. लॅटिन लेखनिक शब्द बेसुमार संक्षेपात लिहितात, त्यामुळे ३८ ही संख्या पानावरची अक्षरं मोजून नाही, तर त्याच ओळींचा छापील, संक्षेप सोडवलेला मजकूर मोजून काढायची. दुसरं, पुढची बाजू कोणती हे आधी नक्की करा. मजकुराचा क्रम उलटा धरला तर उत्तर उणे येतं. तेव्हा घाबरू नका, पान पलटा.

रद्दीवाला_नाना

उणे ३० ओळींचं पान. हे लिलावात सगळ्यात महाग जाईल.

टीपकागद

लिलावाचं निघालंच आहे तर. ऑनलाइन विकायला असलेली सगळी सुटी पानं बांधणीतली नसतात. विसाव्या शतकात क्लीव्हलँडचे ऑटो एगे यांच्यासारख्यांनी धडधाकट हस्तलिखितं फोडून पानापानाने संच करून विकले. ओळखायचं असं: बांधणीतल्या पानाला मजकूर तोडणाऱ्या घड्या, खळीचे तपकिरी डाग, मूळ शिवणीच्या जागा सोडून भलतीकडेच भोकं, आणि एका बाजूची झीज जास्त असते. फोडलेल्या पुस्तकाचं पान स्वच्छ, चारी समास शाबूत, आतल्या कडेला ताजी सुरी.

चौथी_ओळ

हिशेबाच्या वेष्टणांचा विषय दोरशिवण यांनी अर्धवट सोडला. स्वीडनमध्ये सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाच्या अंमलदारांनी जिल्ह्याजिल्ह्याचे करांचे हिशेब चर्चच्या जुन्या ग्रंथांच्या पानांत गुंडाळून स्टॉकहोमला पाठवले. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी २२ हजारांहून जास्त पानं-तुकडे नोंदलेत. फिनलंड तेव्हा त्याच राज्यात, म्हणून हेलसिंकीला आणखी जवळजवळ १० हजार पानं. संबंध देशाचं मध्ययुगीन ग्रंथालय करखात्याने जपलं. आणि वेष्टणावर जिल्हा आणि वर्ष लिहिलेलं आहे, ते वेगळंच.

कणा_ताठ

@चौथी_ओळ, हाच माझा मुद्दा! वेष्टणावरचं 'अमुक जिल्हा, अमुक साल' हे पानाइतकंच मोलाचं. हिब्रू पानांचंही तेच. मोदेना, बोलोन्याच्या अभिलेखागारांतल्या दस्तांवर हजारो हिब्रू पानं वेष्टण म्हणून आहेत. १५५३ मध्ये रोमला तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ जाळला गेला, त्यानंतर काय कुठे रद्दीत गेलं ते दस्ताच्या तारखांवरून लावता येतं.

अल्पविराम

आइसलंडला तर जुन्या नॉर्स कथांचं पान कापून बिशपच्या टोपीला ताठपणा आणला होता. ते सोडवायचं की टोपी घालायची?

मायफळ_हिराकस

टोपी राहू दे. :)

बरं, माझं मत थोडं मागे घेतो, सगळं नाही. बांधणी शाबूत असेल तर हात लावायचा नाही, पटलं. पण कणा आधीच तुटलाय, फळी सुटली आहे, आणि पुस्तक दुरुस्तीला निघालंच आहे, अशा वेळी पट्ट्या पुन्हा आत गाडून टाकणं मला पटत नाही. तेव्हा त्या बाहेर ठेवाव्यात, त्याच पुस्तकाच्या पेटीत, त्याच क्रमांकाखाली.

टीपकागद

दुरुस्तीला निघालेल्या पुस्तकाबाबत सहमत, त्याच पेटीत हे सगळ्यात महत्त्वाचं. काढण्याआधी हे लिहून ठेवा: पट्टी कोणत्या दोन दोरांच्या मध्ये होती, अक्षरांचं डोकं पुस्तकाच्या डोक्याकडे की शेपटीकडे, केसाची बाजू बाहेर की मांसाची, आणि पट्टीसह कण्याचा मोजपट्टी ठेवून फोटो. पट्टीवर पेन्सिलनेही काही लिहू नका, पाकिटावर लिहा. आणि सपाट करायच्या भानगडीत पडू नका, कण्याची गोलाई तिच्यात राहू द्या.

कणा_ताठ

हे चालेल. फर्म्याच्या मधल्या पट्ट्या मात्र शिवण उसवल्याशिवाय निघत नाहीत. त्यांना माझा नकार कायम.

दोरशिवण

त्या वाचायच्या असतील तर पुस्तक ९० अंशांपेक्षा जास्त न उघडता, खाली उशी देऊन, बारीक आरसा घडीच्या खाली सरकवा. प्रत्येक फर्म्यातून दीड अक्षर मिळेल. २५ फर्मे असतील तर ३७-३८ अक्षरं.

रद्दीवाला_नाना

म्हणजे पिंपळपानांच्या हिशेबाने बरोब्बर एक ओळ.